सर्पगंधा आणि तिचे सोयरे

सदाफुली, कण्हेर आणि सर्पगंधा एकाच कुलातल्या. सदाफुली दारोदारी दिसते. सर्पगंधा मात्र दमट जंगलात, झाडांच्या सावलीत वाढते. हात-दीड हात उंचीचं झुडूप, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळपट जांभळी होणारी फळं. औषध असतं ते तिच्या कडू मुळात.

ती ज्या प्रजातीतली, त्या राउवोल्फियाला सोळाव्या शतकातले जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांचं नाव मिळालं आहे. तिच्या जाती आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत पसरल्या आहेत.

आपल्याकडचे वैद्य झोप न येणं, उन्माद अशा तक्रारींवर हे मूळ देत आले. सर्पदंशावरही ते दिलं जाई, पण साप चावल्यावर प्रतिविषाची लस हाच उपाय. मुळी उगाळण्यात वेळ घालवू नये. १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, असं नोंदवलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली औषधी गुणाची नायट्रोजनयुक्त द्रव्यं, वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन नाव दिलं.

तरीही जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. तेव्हा उच्च रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. अळणी जेवण, विश्रांती, फार तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. डॉ. वकील यांनी रुग्णांना सर्पगंधा देऊन रक्तदाबाच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. मला या कामाचं मोल फार वाटतं. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव त्यांनी कुठल्याही देशातल्या डॉक्टरला तपासून पाहता येईल अशा आकड्यांत मांडला. मुंबईनं हे नाव अधिक आठवायला हवं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा या औषध कंपनीतल्या संशोधकांनी मुळातून रेसरपीन हे रक्तदाब उतरवणारं अल्कलॉइड वेगळं केलं. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन, डोपामिन ही निरोप्या रसायनं सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपीन त्या पिशव्या भरूच देत नाही. साठा आटला की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, मन शांत होतं. पण याच कारणानं नाक चोंदतं, सुस्ती येते, आणि मात्रा वाढली तर काहींना खोल नैराश्य येतं. अधिक सुरक्षित औषधं आल्यावर डॉक्टर रेसरपीन क्वचितच देऊ लागले. म्हणून सर्पगंधेचं चूर्ण आपल्या मनानं, तेही रक्तदाबाच्या चालू गोळ्यांबरोबर, घेणं धोक्याचं आहे.

प्रयोगशाळेत मात्र तिनं मोठं दान दिलं. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपीन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य, दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारावरच्या उपचाराची वाट तिथून सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. अजमलीन आजही ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाचा छुपा दोष ओळखण्यासाठी वापरतात.

मागणी वाढली तशी जंगलं खरवडली गेली. मूळ काढायचं तर झुडूप उपटावंच लागतं. १९९० पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे. रेसरपीनसाठी उद्योगानं आफ्रिकेतल्या राउवोल्फिया व्होमिटोरियाकडे मोर्चा वळवला. मूळची अमेरिकेतली आणि आता भारतात रुळलेली चार-चार पानांच्या झुबक्यांची राउवोल्फिया टेट्राफायला बाजारात सर्पगंधेत भेसळ म्हणून मिसळली जाते. तिच्यातलं अल्कलॉइडांचं प्रमाण वेगळं असल्यानं मात्रेचा हिशेबच चुकतो.