मेस्सीचे ९१ गोल एका हंगामातले नाहीत

फुटबॉलपटूचा सर्वोत्तम वैयक्तिक हंगाम कोणता, हा वाद सुरू झाला की कोणीतरी ‘मेस्सीचा ९१ गोलांचा हंगाम’ हमखास पुढे करतो. असा हंगाम झालेलाच नाही. ते ९१ गोल २०१२ या कॅलेंडर वर्षातले आहेत. २०११-१२ च्या हंगामात त्याने बार्सिलोनासाठी ६० सामन्यांत ७३ गोल केले. ९१ मध्ये अर्जेंटिनासाठीचे १२ गोल धरले आहेत आणि ७३ मध्ये फक्त क्लबचे, पण तो भेद किरकोळ आहे.

खरी गल्लत कालखंडाची आहे. युरोपातला हंगाम साधारण ऑगस्टपासून मे-जूनपर्यंत चालतो, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष एका हंगामाचा उत्तरार्ध आणि पुढच्याचा पूर्वार्ध जोडून तयार होते. २०१२ मध्ये निम्मे वर्ष बार्सिलोनाचा संघ प्रशिक्षक ग्वार्दिओलाच्या हाताखाली होता, निम्मे वर्ष टिटो विलानोवाच्या. आणि डिसेंबर २०११ मध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सांतोसविरुद्ध मेस्सीने केलेले दोन गोल मात्र त्या हिशेबाबाहेर. हंगामाला निकाल असतो, वर्षाला नसतो. २०११-१२ चे मोल ठरवताना ला लिगातले, म्हणजे स्पेनच्या लीगमधले, ५० गोल जसे मोजायचे, तसेच १०० गुण मिळवून विजेता ठरलेला रेआल माद्रिद आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सीविरुद्ध आडव्या खांबावर आदळलेली मेस्सीची पेनल्टी हेही मोजावेच लागते. डिसेंबरअखेर थांबणारी बेरीज बार्सिलोनाच्या २०१२-१३ च्या ला लिगा विजेतेपदापर्यंत पोहोचतच नाही.

जर्मन आघाडीपटू गेर्ड म्युलरचीही हीच कथा: ८५ गोल १९७२ या वर्षातले, तर १९७१-७२ च्या बुंडेस्लिगात (जर्मन लीग) ४०, जो विक्रम लेवांडोव्हस्कीने २०२०-२१ मध्ये ४१ गोलांनी मोडला. या गोंधळाला बॅलन डी’ओरनेही हातभार लावला, कारण सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा हा पुरस्कार बराच काळ वर्षभराच्या कामगिरीवर दिला जाई. २०२२ पासून तो हंगामावर दिला जातो आणि हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

हंगाम हेच माप धरले, तर माझे मत मेस्सीच्या २०१४-१५ ला आहे. गोल ५८ च, पण ला लिगा, कोपा देल रे (स्पेनचा राष्ट्रीय चषक) आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा त्या हंगामात बार्सिलोनाने जिंकल्या, आणि बायर्नविरुद्धच्या उपांत्य फेरीत बचावपटू बोआटेंगला जमिनीवर लोळवून केलेला गोल किंवा कोपाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅथलेटिकची बचावफळी एकट्याने भेदून केलेला गोल थेट त्या विजेतेपदांच्या वाटेवर झाला.