पऱ्हाटीची चूल, कोळशाची वीज: विदर्भातील घरगुती ऊर्जेची पार्श्वभूमी

विदर्भातील खेड्यांत घरच्या इंधनाची सोय फार काळ शेतातूनच होत असे. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटून बंडीने घरामागे आणून रचायच्या. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या असल्या की पावसाळा निघून जाई. पऱ्हाटी जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढच्या हंगामातले पीक पुन्हा शोषून घेते, म्हणून हवामानाच्या हिशेबात तो सहसा धरत नाहीत. मात्र अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या मिथेनला आणि काजळीला ही सवलत नाही, आणि तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो.

या प्रश्नाचा विचार वर्ध्यात बराच आधी झाला होता. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत धूर कमी करणारी मगन चूल आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप तयार केला. घरोघरी मात्र रेशनच्या निळ्या रॉकेलाची चिमणीच टिकली. केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रमही 1983 च्या सुमारास सुरू होऊन 2002 मध्ये गुंडाळला गेला.

वीज आली ती कोळशाची. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, 1974 मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला आणि ऐंशीच्या दशकात चंद्रपूरचे केंद्र उभे राहिले. ज्या भागातून राज्यभर वीज गेली, तिथल्याच खेड्यांनी पुढे तासन्‌तास भारनियमन सोसले, हे नमूद करायलाच हवे. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे आज सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, 14.2 किलोचा गॅस सिलिंडर जाळल्यास साधारण 42 किलो. म्हणजे महिन्याला 60 युनिट वापरणाऱ्या घराचे विजेमुळे होणारे उत्सर्जन एका सिलिंडरइतकेच भरते, फक्त त्याचा धूर गावात दिसत नाही.

मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचला. तरी चूल विझली नाही: भरलेल्या सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात, पऱ्हाटी घरचीच असते. त्यामुळे चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, तेव्हापासून पऱ्हाट्या साठवून ठेवू नका, त्यांत अळी दडून राहते, हा सल्लाही जोराने दिला जाऊ लागला. काही शेतकरी पऱ्हाट्या शेताच्या धुऱ्यावरच पेटवून देतात. अशा वेळी मिथेन आणि काजळी हवेत जातेच, शिवाय स्वयंपाकासाठी वेगळे इंधन लागते.