लिफ्ट तपासणीची सूचना नेमकी कुणाच्या नावे?

लिफ्टचा अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तपासणी झाली होती का? त्याच्या आतला प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तपासणीनंतर दुरुस्तीची सूचना निघाली असेल, तर ती पोचली कुणाकडे? आणि ज्याच्याकडे पोचली, त्याच्याजवळ ती पाळण्याइतका पैसा आणि अधिकार होता का? महाराष्ट्रातल्या, विशेषतः मुंबईतल्या, लिफ्ट-सुरक्षेचा गुंता बराचसा इथेच आहे.

फार मागे जायची गरज नाही. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला आणि लिफ्ट खाली कोसळली नाही. दोर तुटला तरी लिफ्ट धरून ठेवणाऱ्या आजच्या सेफ्टी गिअरचं मूळ तिथलं. भारतात १८९२ साली कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लिफ्ट बसली. मुंबईकर त्याआधीच्या वॉटसन हॉटेलचं नाव पुढे करतात, तो वाद चालू राहू दे. कायद्याची गरज पडली ती १९३०च्या दशकात. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या कडेने भाड्याच्या फ्लॅटच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यांना चांगलं भाडं येणार नव्हतं. लिफ्ट हॉटेलातून आणि कचेऱ्यांतून घरात आली ती अशी. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने लिफ्टचा कायदा केला. नियम पुढे १९५८ मध्ये आले.

त्या कायद्याचा सांगाडा अजून ओळखीचा वाटेल. बसवण्यापूर्वी परवानगी, चालवण्यापूर्वी परवाना, मग मुदतीने तपासणी. निरीक्षकाला आत येऊन पाहण्याचा, दुरुस्ती सांगण्याचा आणि तोवर लिफ्ट बंद ठेवायला लावण्याचा अधिकार. अपघातात कुणाला इजा झाली तर कळवायचं, आणि निरीक्षकाची लेखी परवानगी मिळेपर्यंत लिफ्टला हात लावायचा नाही. हाच कायदा पुढे दिल्लीलाही लावला गेला, म्हणजे मसुदा वाईट नव्हता. दंड मात्र शेकड्यात होता, आणि दशकं उलटली तरी शेकड्यातच राहिला.

अर्ज, परवाना, तपासणी, दंड, अपघाताची खबर या सगळ्याची जबाबदारी कायद्याने एकाच माणसावर टाकली होती: जागेचा मालक. १९३९ मध्ये त्यात काही चुकलं नव्हतं. इमारत एकाची, बाकीचे भाडेकरू, भाडं गोळा करायला मेहताजी. निरीक्षकाने दोर बदलायला सांगितला तर मालक बदलणार आणि खर्च भाड्यातून काढणार. गणित सरळ होतं.

आठ वर्षांत ते बिघडलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. वर त्याच कायद्याने घरमालकाला तोडता येणार नाहीत अशा अत्यावश्यक सेवांमध्ये पाणी, वीज आणि जिन्यातल्या दिव्यांबरोबर लिफ्टही घातली. दोन्ही तरतुदी आपापल्या जागी न्याय्य आहेत. पण एकत्र वाचल्या तर मालकाला लिफ्ट बंद करता येत नाही आणि ती नीट ठेवायला लागणारा पैसा त्या भाड्यातून निघत नाही. मग सोयीची वाट एकच उरते. लिफ्ट कुरकुरत चालू द्यायची, आणि निरीक्षकाने बंद करायला लावली की हात वर करायचे. जुन्या मुंबईत वर्षानुवर्षं 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी लटकलेली असते, त्यामागे कंत्राटदाराचा आळस असेल, पण हे गणितही आहे. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर राहणाऱ्या, भाडेकरूंनी वर्गणी काढून दोर बदलला तरी परवाना ज्याच्या नावे, त्याची सही लागतेच.

लिफ्टमन गेला तोही याच काळात, हळूहळू. स्टुलावर बसून दोन्ही जाळीची दारं ओढणारा हा माणूस म्हणजे रोजची तपासणी होती, याची नोंद कोणत्याच फाइलीत नाही. ब्रेक आज उशिरा लागतोय, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची गाडी बोटभर खाली थांबतेय, हे त्याला निरीक्षकाच्या आधी कळायचं. त्याचा पगार वाचला, आणि दारं ओढायचं काम पोरांवर आलं.

२०२१ मध्ये धारावीत पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला, त्यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या बरोबर वागलं होतं. अशा लिफ्टला मजल्यावर लाकडी दार असतं आणि गाडीला आतून जाळीचं. दोन्ही बंद झाली की सर्किट पूर्ण होतं आणि लिफ्ट हलायला मोकळी. दोन दारांच्या मधे लहान मूल मावेल एवढी जागा असेल, तर तिथे कुणी उभं आहे हे यंत्राला समजत नाही. दुसऱ्या एखाद्या मजल्यावर कुणी बटण दाबलं की गाडी निघते. ही फट १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं युरोपीय मानक कित्येक वर्षं सांगत आलं आहे. आपल्याकडचं २०२२ चं भारतीय मानक त्याच धर्तीवर बेतलेलं आहे. पण मानक नव्या लिफ्टला लागतं. पन्नास वर्षांपूर्वी परवाना मिळालेली जाळीची लिफ्ट त्या वेळच्या कागदांप्रमाणे ठीकच असते, आणि ती बदलायला लावायची तर पुन्हा मालक शोधणं आलं.

१९६० नंतर मालकी फ्लॅटची पद्धत रुजली तेव्हा हा घोळ मिटायला हवा होता. उलट वाढला. भोगवटा प्रमाणपत्रासाठी लिफ्टचा परवाना हातात लागतो, म्हणून अर्ज बिल्डर करतो आणि परवाना त्याच्याच नावाने निघतो. १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी फ्लॅटच्या, कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी सोसायटी नोंदली गेल्यावर चार महिन्यांत जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण करायला, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करून द्यायला सांगितलं. हे किती ठिकाणी झालं ते सोसायटीच्या कार्यकारिणीत एक मुदत काढलेल्या कुणालाही विचारा. शेवटी २००८ मध्ये बिल्डरने सही केली नाही तरी मालकी सोसायटीला मिळावी म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली, यातच उत्तर आहे. मधल्या काळात जमीन बिल्डरच्या नावे, देखभाल सोसायटीची, परवान्याची मूळ प्रत बिल्डरच्या बंद झालेल्या ऑफिसात, आणि निरीक्षकाचं पत्र त्या ऑफिसाच्या पत्त्यावर, असा प्रकार चालला. सोसायटीने परवाना आपल्या नावे करून घ्यायला हवा होता, हे म्हणणं खरं आहे. पण तसं करायचं असतं, हे पहिल्या कार्यकारिणीला सांगणारं सहसा कुणी नसतं.

सोसायटीत लिफ्टचे निर्णय कसे होतात हेही पाहण्यासारखं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटायचा, कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्याचे सभासद यावर दर सर्वसाधारण सभेत उठतात आणि दर वेळी हरतात. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, पाव टक्का, असं उपविधी सांगतात. इमारत तीस वर्षांपूर्वीची आणि बांधकाम खर्चही तेव्हाचाच, तर त्या पाऊण टक्क्यात आजचा कंट्रोल पॅनेल बसत नाही. मग तीन कोटेशन येतात आणि सर्वांत कमी रकमेचं मंजूर होतं. ते बहुधा साध्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाचं असतं. त्यात तेलपाणी आणि साफसफाई येते. दोर, मोटर, इलेक्ट्रॉनिक कार्ड यांचे पैसे वेगळे. मशीन रूमच्या दाराआड लटकवलेल्या सर्व्हिस कार्डावर दर महिन्याला एकच सही आणि एकच शेरा: 'चेक्ड ओके'. निरीक्षक आला की तेच कार्ड पुढे केलं जातं.

२०२२ मध्ये मानखुर्दच्या एका सोसायटीत लपाछपी खेळणाऱ्या मुलीने लिफ्टच्या दाराच्या खिडकीतून आत डोकावलं. खिडकीला काच नव्हती. वरून लिफ्ट आली. हाताने उघडायच्या दाराला ती काच मुद्दाम दिलेली असते, गाडी मजल्यावर आली आहे की नाही हे दार उघडण्याआधी दिसावं म्हणून. काच गेली की सुरक्षेसाठी केलेली सोयच धोक्याचं भोक होते, आणि ती बसवायचा खर्च किरकोळ असतो. पोलिसांनी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल केला. त्यांचा निष्काळजीपणा होता की नाही हे न्यायालय ठरवेल. पण १९३९ चा 'मालक' शोधत शोधत कायदा शेवटी मानधन न घेणाऱ्या सेक्रेटरीपर्यंत पोचला, हे नजरेआड करण्यासारखं नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर याला आणखी एक पदर आहे. १९९५ च्या योजनेत लोक बैठ्या घरांतून सात मजल्यांवर गेले. जमीन बहुतेकदा सरकारी किंवा पालिकेची, बांधकाम विकासकाचं, सोसायटी रहिवाशांची. देखभालीसाठी विकासकाने घरटी २० हजार रुपये ठेवायचे होते आणि त्याच्या व्याजावर खर्च भागेल असा हिशोब होता. व्याजदर उतरले, लिफ्ट जुन्या झाल्या, आणि दरमहा वर्गणी द्यायची सवय नसलेल्या वस्तीत सुटे भागही धरणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी मागणारा सेक्रेटरी एकटा पडला.

सरकत्या जिन्यांची गोष्ट त्या मानाने सुटसुटीत. जुन्या कायद्यातली लिफ्ट म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारी आणि जवळजवळ उभी वरखाली जाणारी गाडी. तिरका जिना त्या व्याख्येत बसत नव्हता. १९९९ च्या सुमाराला मुंबईत मॉल आले, २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, रेल्वे स्थानकांवर सरकते जिने लागले, तरी कायद्याच्या लेखी ते नव्हतेच. २०१७ च्या राज्याच्या नव्या कायद्याने उद्वाहनांबरोबर, म्हणजे लिफ्टबरोबर, सरकते जिने आणि सरकते मार्ग थेट नावातच घेतले. इथे साडीचा पदर किंवा मऊ रबरी चप्पल बाजूच्या फटीत ओढली जाणं हा धोका, आणि त्यावर कडेचे ब्रश, टोकाच्या कंगव्यासारख्या पट्टीचे शाबूत दात आणि जिना थांबवणारं, चालू स्थितीतलं लाल बटण हे उपाय. मालक एकच असतो, मॉल किंवा मेट्रो, त्यामुळे पत्र बरोबर जागी पोचतं.

बांधकामावरच्या लिफ्टचं प्रकरण निराळं. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यातल्या बाळकुमला चाळीस मजली इमारतीत सात कामगार लिफ्ट कोसळून गेले. त्याच महिन्यात ग्रेटर नोएडातही तसाच अपघात झाला आणि उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये पहिल्यांदा स्वतःचा लिफ्ट कायदा केला. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेसाठी तेव्हा १९९६ चा केंद्रीय कायदा होता आणि त्याची अंमलबजावणी कामगार खात्याकडे. रहिवासी लिफ्टचा निरीक्षक आणि हे निरीक्षक वेगवेगळे.

सध्या जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. चार मजली, एका जाळीच्या लिफ्टची इमारत पाडून तिथे पंचवीस मजले आणि चार लिफ्ट उभ्या राहतात. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा, कायद्याने लिफ्ट सामायिक जागेत धरली आहे आणि बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षं विकासक जबाबदार राहतो. सावध सोसायट्या आता विकास करारातच लिहून घेतात, की ताबा देताना लिफ्टचा परवाना, शेवटचा तपासणी अहवाल आणि कंपनीची चाचणीची कागदपत्रं सोसायटीच्या नावे सोपवायची. बाकीच्यांच्या करारात कॉर्पसची एकरकमी रक्कम किती आणि पार्किंग किती यावरच चार पानं असतात.