खुलासा : रेस झाली की बॅटरी ‘पूर्ण उतरवून’ ठेवायची नसते

परवा सात रस्त्याजवळ राहणारा एक पोरगा रिमोटवर चालणाऱ्या टूरिंग कारची बॅटरी घेऊन आला. टू-एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर, दोन्ही बाजूंनी टम्म. भाकरी फुगलेली बरी दिसते, बॅटरी नाही. त्यानं काय केलं होतं? ‘रेस झाली की बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेव’ असं कोणीतरी सांगितलं म्हणून मोटारीचा बल्ब जोडून विझेपर्यंत जाळला, आणि बॅटरी महिनाभर कपाटात.

सांगणारा खोटं बोलत नव्हता, पण त्याचं ज्ञान निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं. त्या सेल अर्धवट वापरून परत चार्ज केल्या की ‘मेमरी’ धरतात, म्हणजे पुढे तेवढाच चार्ज देतात म्हणायचे, म्हणून रेसर मंडळी बल्ब लावून त्या रिकाम्या करत. लिपोला मेमरीची भानगडच नाही. उलट सेल ३ व्होल्टच्या बरीच खाली गेली की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं; पुढच्या चार्जिंगला तेच भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं.

मग फुल्ल चार्ज करून ठेवावी? तेही नको. ४.२ व्होल्टवर, त्यात आपल्याकडचा ४२ अंशांचा मे महिना आणि पत्र्याची खोली, म्हणजे आत गॅस धरणारच.

प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. बहुतेक बॅलन्स चार्जरवर (सगळ्या सेल सारख्या चार्ज करणाऱ्या) ‘स्टोरेज’ मोड असतो, तो त्यासाठीच. गाडीवरून काढलेला गरम पॅक मात्र आधी निवू द्या.

त्या पोराचा पॅक? चार्जरला लावूच दिला नाही.