बोर्ड काढला तरी बिऱ्हाडं आतच असतात

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी साडेआठला भावोजींचा फोन आला. लालबागहून भावोजी इतक्या सकाळी फोन करतात म्हणजे एकतर कुणीतरी गेलंय नाहीतर मंडळाचं काहीतरी. मंडळाचंच होतं. यंदा सुवर्णमहोत्सवी वर्ष, स्मरणिका निघणार, तिच्यासाठी स्कॅन केलेले जुने फोटो, जाहिरातदारांची एक्सेल, सगळं मंडळाच्या एकाच लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप स्लो झाला म्हणून एका कार्यकर्त्या पोराने रात्री त्याला रिसेट मारला. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढे तो विचारतो ना, फक्त विंडोजवाला ड्राइव्ह साफ करू की सगळे, तिथे ह्याने सगळे दाबलं. का रे बाबा, तर म्हणे एकदाच काय ते स्वच्छ होऊ दे.

मी विचारलं, "आत्ता लॅपटॉप चालू आहे का?"

"हो, तोच पोरगा कुठलंतरी रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करतोय."

"आधी बंद करायला सांगा. शटडाऊन वगैरे नको, पॉवरचं बटण दाबून धरा."

भावोजींना वाटलं मी उगाच नाटक करतोय. पण एवढा एकच सल्ला खरा कामाचा असतो, बाकीचं सगळं त्याच्यानंतर येतं, आणि तो का ते समजायला डिस्क फाइल ‘डिलीट’ करते म्हणजे नक्की काय करते ते बघायला लागेल.

आपल्या बिल्डिंगांमध्ये खाली जिन्यापाशी नावांचा बोर्ड असतो बघा, खोली नंबर अमुक, आडनाव तमुक. विंडोजच्या डिस्कवरही तसाच बोर्ड असतो, त्याला मास्टर फाइल टेबल म्हणतात, एमएफटी. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस नावाची फाइल सिस्टिम आली तेव्हापासून हाच प्रकार चालू आहे. प्रत्येक फाइलची एक नोंद, बहुधा १०२४ बाइटची, त्यात नाव, तारीख, साइज आणि मुख्य म्हणजे ही फाइल कुठल्या कुठल्या खोल्यांत राहते ते. खोली म्हणजे क्लस्टर, साधारण ४ केबीचा. १ टीबीच्या डिस्कवर अशा २४ कोटींच्या वर खोल्या होतात, आणि ३ एमबीचा एक फोटो सातशेच्या वर खोल्या अडवून बसतो. शिवाय वॉचमनकडे एक रजिस्टर असतं, कुठली खोली भरलेली आणि कुठली रिकामी, त्याला बिटमॅप म्हणतात.

आता फाइल डिलीट केली, अगदी रिसायकल बिनमधूनही काढली, तर होतं काय? बोर्डावरच्या नोंदीवर ‘आता वापरात नाही’ अशी खूण होते आणि वॉचमन रजिस्टरमध्ये त्या खोल्या रिकाम्या लिहून टाकतो. बस. खोलीत कुणी जाऊन सामान बाहेर काढत नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे अख्खा बोर्डच काढून नवा कोरा बोर्ड लावणं, म्हणून तर १ टीबीची डिस्क काही सेकंदांत ‘साफ’ होते. खरोखर साफ करायची तर प्रत्येक खोलीत जाऊन शून्य लिहून यावं लागतं आणि त्याला तास लागतात. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट हे करतं, आणि रिसेटमध्येही ‘क्लीन डेटा’ नावाचा एक पर्याय असतो तो हेच करतो. पोराने तो चालू केला नव्हता, कारण त्यात वेळ जास्त दाखवत होता. ह्या आळसाबद्दल मंडळाने त्याला श्रीफळ द्यायला हरकत नव्हती.

म्हणजे बोर्ड गेला तरी बिऱ्हाडं आतच असतात. धोका नव्या भाडेकरूचा. वॉचमनच्या लेखी खोली रिकामी आहे, त्यामुळे तुम्ही जे काही डाउनलोड कराल, इन्स्टॉल कराल, अगदी ब्राउझरने नुसतं पान उघडलं तरी, ते कुणाच्या तरी भरल्या खोलीत घुसू शकतं. आणि एकदा वरून दुसरं काही लिहिलं गेलं की विषय संपला. लोक विचारतात की पोलिसांच्या लॅबमध्ये खालचं वाचतात ना? १९९६ साली पीटर गुटमन यांच्या एका पेपरमधून ३५ वेळा पुसायची पद्धत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही समजूत चिकटलीय, पण ती जुन्या काळच्या डिस्कची गोष्ट, आताच्या डिस्कवर एकदा पूर्ण वरून लिहिलं की पुरतं. थोडक्यात, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं म्हणजे हरवलेल्या माणसाला शोधायला त्याच्याच खोलीत दुसरं बिऱ्हाड घुसवणं.

दुपारी लालबागला पोचलो. श्रावण असल्यामुळे रविवार असूनही ताईकडे वडे-सागोती नाही, काळ्या वाटाण्याची आमटी, तीही चालते. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं आणि निम्मा जीव भांड्यात पडला. आत दोन डिस्क होत्या, सी ड्राइव्हला २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क, आणि डी ड्राइव्हला १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. भावोजींना विचारलं फोटो कुठे ठेवले होते, तर डी वर. एक्सेल? "ती डेस्कटॉपवर होती, रोज लागते ना." डेस्कटॉप म्हणजे सी. इथेच मला निकाल कळला होता पण जेवणाच्या ताटावर बोललो नाही.

आधी डी. हार्ड डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला केबलने जोडली आणि तिची अख्खी कॉपी, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर काढली. ह्याला इमेज म्हणतात. रिकाम्या जागेसकट सगळं उचलायचं असतं कारण आपला माल तिथेच आहे. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी १ टीबीला पावणेतीन तास होतात, ही डिस्क दमलेली होती, चार लागले. पुढचं सगळं काम त्या कॉपीवर, मूळ डिस्क पिशवीत.

शोधायच्या दोन रीती आहेत. पहिली, जुना बोर्ड शोधणं. फॉरमॅट केल्यावर नवा बोर्ड बहुधा जुन्याच जागी लागतो पण तो सुरुवातीला अगदी छोटा असतो, त्यामुळे जुन्या बोर्डाच्या वरच्या दोन-चार ओळी झाकल्या जातात आणि खालच्या तशाच राहतात. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एफ, आय, एल, ई ही चार अक्षरं असतात, सॉफ्टवेअर तेवढं हुडकत जातं. ह्यातून फोल्डरांच्या नावांसकट बराच माल मिळाला, ‘विसर्जन १९८८’, ‘विसर्जन १९८८ नवीन’, ‘विसर्जन १९८८ फायनल’, असा.

दुसरी रीत बोर्ड मिळालाच नाही तर. मग दार दार ठोठवायचं. फाइलींना आपापली ओळख असते, जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ ह्या बाइटनी होते आणि शेवट एफएफ डी९ ने, पीडीएफ उघडताच टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी अक्षरं येतात, वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली खरंतर झिप असतात म्हणून त्या पीके ने सुरू होतात, झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. दारावरचं तोरण बघून आत कोकणातलं घर आहे की घाटावरचं ते ओळखावं, तसं. ह्याला कार्व्हिंग म्हणतात आणि क्रिस्तोफ ग्रनिए यांचं फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं. त्यात फाइलचं नाव मिळत नाही, नाव होतं बोर्डावर आणि बोर्ड गेला. मग फोटोरेक फाइलला एफ आणि पुढे एक लांबलचक आकडा असं नाव देतं, तो आकडा म्हणजे ती डिस्कवर कुठे सापडली तो सेक्टर. संध्याकाळपर्यंत असे हजारो फोटो पडले, त्यात निम्म्याहून जास्त गुड मॉर्निंगची गुलाबं आणि ब्राउझरच्या कॅशमधले शूजचे फोटो. ताई म्हणाली, हे पण वाचवलंस होय.

एक फोटो मात्र अर्धाच आला. मंडपाची कमान, मूर्तीचा मुकुट, चेहरा, खांद्यापर्यंत सगळं नीट आणि त्याखाली एकदम सपाट राखाडी पट्टा. फाइल मोठी असली की तिला सलग खोल्या मिळतीलच असं नाही, निम्मी इकडे निम्मी भलतीकडे, आणि दोन्हींना जोडणारा पत्ता बोर्डावरच असतो. कार्व्हिंग तिथे थांबतं. त्या फोटोची प्रिंट एका जुन्या सभासदाच्या घरी आहे म्हणे, तेवढं बरं.

(जाता जाता: ह्याच कारणाने जुनी डिस्क नुसती फॉरमॅट मारून लॅमिंग्टन रोडला विकू नका. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, १२९ चालू निघाल्या, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२.)

आता सी ची एसएसडी. इथे बिल्डिंग वेगळ्या कायद्याची आहे. फ्लॅश मेमरीत जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि लिहायचं एकेक पान असलं तरी पुसायचा अख्खा ब्लॉक, म्हणजे शेकडो पानं एकदम. ऐनवेळी पुसत बसलं तर वेग पडतो, म्हणून ट्रिम नावाची सोय निघाली, विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून विंडोजमध्ये आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला लगेच कळवतं की बाई ह्या खोल्या आता रिकाम्या, तू तुझं बघ. मग एसएसडीचा कंट्रोलर सवडीने त्या खरोखर रिकाम्या करतो, आणि सवड मिळायच्या आधीही कुणी वाचायला गेलं तर बहुतेक वेळा नुसती शून्यं हातावर ठेवतो. वॉचमनने बिल्डरला फोन केला आणि बिल्डर रात्रीतच जेसीबी घेऊन आला, असं समजा. वर रिसेटने त्याच डिस्कवर नवं विंडोज बसवलं होतं, पंधरा-वीस जीबी ते. त्यामुळे जी मंडळी एसएसडीतून शंभर टक्के रिकव्हरी म्हणून पाटी लावतात त्यांना आधी विचारा की ट्रिमचं काय करता, उत्तर बघा काय येतं. फिरत्या डिस्कमध्येही काही नव्या मॉडेलना ट्रिम असतं, भावोजींचं नशीब की त्यांची जुनी होती. उलट पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डात बहुधा ट्रिमची भानगड नसते, तिथे माल चांगला सापडतो.

बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलपात ठेवणारी विंडोजची सोय, चालू असता तर फोटोंचीही आशा नव्हती, कारण रिसेटमध्ये जुनी किल्ली जाते आणि किल्लीशिवाय डिस्कवर आहे तो नुसता कचरा. आणि पोराने ‘कीप माय फाइल्स’ दाबलं असतं तर ही वेळच आली नसती, यूजर फोल्डर जागेवर राहतो, बाहेरचं बरंचसं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात सरकतं, फक्त ते १० दिवसांत आपोआप उडतं म्हणून आधी तिथे बघायचं. सगळं काढून टाकल्यावर तो फोल्डर शोधत बसण्यात अर्थ नाही. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तिची वेबसाइट उघडून तिथलं रिसायकल बिनही बघितलं, ३० दिवस असतं त्यात, पण मंडळाच्या लॅपटॉपवर वनड्राइव्हमध्ये कुणी लॉगिनच केलं नव्हतं.

एक्सेल शेवटी सापडली ती भावोजींच्या ईमेलच्या सेंटमध्ये, बारा दिवसांपूर्वी प्रेसवाल्याला रेट काढायला पाठवलेली. नंतरच्या बारा दिवसांतल्या जाहिराती तिच्यात नव्हत्या. भावोजींनी कपाटातून पावती पुस्तकं काढली, कार्बनची निळी नक्कल प्रत्येकाची शाबूत, आणि पोराला समोर बसवलं. रात्री मी निघालो तेव्हा तो पावती नंबर २१७ वर होता, आणि भावोजी अक्षर लावून सांगत होते, "अरे ते ‘पाटणकर’ आहे, ‘पाटकर’ नव्हे."