सिंहगड चढाई (व्यायाम)

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किमीवर असलेला सिंहगड व्यायाम म्हणून नियमितपणे पायी चढण्याचा प्रघात. माथ्यापर्यंत मोटाररस्ता आहे, तरी दर आठवड्याला, काही जण तर त्याहूनही अधिक वेळा, पायथ्यापासून चालत वर जातात. रविवारी ही गर्दी उजाडायच्या आतच सुरू होते.

नेहमीची वाट पायथ्याच्या आतकरवाडीतून निघते आणि गडाच्या पुणे दरवाज्यापाशी पोहोचते. लांबी तीन किमीच्या आत, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर उंची गाठावी लागते. म्हणजे दर १०० मीटर चालीमागे २० मीटरहून अधिक चढ. सपाटीचे टप्पे मोजकेच. सवय असलेला माणूस पाऊण तासात वर असतो. नवख्याला दीड ते दोन तास लागतात. धापा टाकणाऱ्याला उतरणारे अनोळखी लोक ‘आलंच आता’ असे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये.

या व्यायामाची खरी गोडी त्याच त्या वाटेत आहे. चढ बदलत नाही, त्यामुळे लागलेला वेळ ही आपल्या दमाची मोजपट्टी होते. पहिल्या काही आठवड्यांत वेळ भराभर कमी होतो, पुढे मिनिटामिनिटाने. आजारपण, अपुरी झोप किंवा महिनाभराचा खंड लगेच घड्याळात दिसतो. ऋतू मात्र दर खेपेला वेगळा भेटतो: पावसाळ्यात धुके, त्यानंतर रानफुले, थंडीच्या स्वच्छ सकाळी एकीकडे खडकवासल्याचे पाणी आणि दुसरीकडे राजगड-तोरणा.

७० किलो वजनाचे शरीर ६०० मीटर उचलण्याचे काम सुमारे १०० किलोकॅलरींचे. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी लावतात, म्हणून प्रत्यक्ष खर्च ४०० ते ५००च्या घरात जातो. वरचे पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही हा हिशेब सहज फिटवतात. केवळ वजन उतरवायला येणाऱ्यांची निराशा होते ती इथेच. दम, मांड्यांची ताकद आणि रात्रीची गाढ झोप हे लाभ भजी खाऊनही टिकतात.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे पायथ्यालाच वेगाने सुटणे. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी एकदम वाढते, हृदय आणि श्वास तिला गाठेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात आणि पहिल्याच वळणांवर छाती भरून येते. पहिली दहा मिनिटे मुद्दाम हळू चालावे. पुढेही तुटक का होईना वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. पावले लहान टाकावीत, टाच शक्यतो टेकवावी. सतत चवड्यांवर चढल्यास पोटऱ्या लवकर भरून येतात. थांबायचे तर उभ्यानेच, एखादे मिनिट. बसले की पाय जड होतात.

उतरण सोपी वाटते, पण दुखणे बहुधा तिथूनच येते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे अवघड होते. दोन-चार खेपांनंतर हे दुखणे बरेच ओसरते. गुडघे किंचित वाकवून, न धावता उतरावे. काठी असल्यास गुडघ्यांवरचा भार कमी होतो. बूट सैल असेल तर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात, म्हणून उतरण्यापूर्वी नाड्या पुन्हा घट्ट बांधाव्यात. तळ झिजलेले बूट पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर हमखास घसरतात.

वाटेवर सावली कमी आहे. एप्रिल-मेमध्ये सहाच्या आत निघावे आणि प्रत्येकी किमान एक लिटर पाणी घ्यावे; वाटेत ताक, लिंबूसरबत, काकडी मिळते. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर असे काही जाणवल्यास ‘थोडेच राहिले’ म्हणून पुढे न रेटता तिथेच थांबून मदत मागावी.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते. रविवारचा एक गड यातला मोठा वाटा उचलतो, पण उरलेले सहा दिवस खुर्चीत घालवणाऱ्याला दर रविवार पहिल्यासारखाच जड जातो. म्हणून नेहमीचे गडकरी मधल्या दिवशी पुण्यातलीच पर्वती किंवा वेताळ टेकडी चढतात.