ब्रोकरेजमधला विश्लेषक आणि फंडातला विश्लेषक

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दोन रिसर्च अ‍ॅनालिस्ट एकाच सिमेंट कंपनीचे आकडे तपासत बसलेले असू शकतात. त्यांपैकी एक ब्रोकरेजमध्ये (शेअर खरेदी-विक्रीची दलाली करणाऱ्या कंपनीत), म्हणजे सेल साइडला असतो आणि दुसरा म्युच्युअल फंडात, म्हणजे बाय साइडला. प्रतिटन एबिटा (व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा), पेटकोक या इंधनाचा भाव, वाहतूक खर्च हे सगळे दोघांच्याही एक्सेलमध्ये असते. फरक पडतो तो पुढे: पहिल्याचे काम मत मांडण्याचे, तर दुसऱ्याचे त्या मतावर पैसे लावण्याचे असते.

ब्रोकरेजमधील नोकरीचा खरा कस निकालांच्या हंगामात लागतो. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत निकाल जाहीर करण्याचे बंधन असल्याने एकाच क्षेत्रातील चार कंपन्यांचे निकाल एकाच संध्याकाळी येऊन धडकतात. कॉनकॉल (व्यवस्थापनाची विश्लेषकांशी फोनवरची बैठक) ऐकायचा, मार्जिन म्हणजे नफ्याचे प्रमाण अंदाजापेक्षा का घसरले ते शोधायचे, टार्गेट प्राइस (शेअरचा अपेक्षित भाव) बदलायची आणि सकाळी सव्वानऊला बाजार उघडण्यापूर्वीच्या बैठकीत ते सर्व मोजक्या वाक्यांत सांगायचे, असा हा क्रम असतो. झोपेचे खोबरे होते, हे खरे. पण दोन-तीन वर्षांत एखादे क्षेत्र तळापर्यंत कळते, अहवालावर नाव छापले जाते आणि ग्राहक फंडांशी थेट ओळखी होतात.

येथील मोठा तोटा मात्र वेळेचा नाही. ‘विका’ असे स्पष्ट लिहिले की कंपनीचे व्यवस्थापन फोन उचलणे बंद करू शकते, आणि ज्या फंडांकडे तो शेअर आधीच आहे त्यांनाही ते रुचत नाही. विश्लेषकाचे वेतन एखाद्या विशिष्ट ब्रोकिंग किंवा मर्चंट बँकिंग (कंपन्यांना भांडवल उभारून देण्याच्या) व्यवहाराशी जोडता येत नाही, असे बाजार नियामक सेबीचे २०१४ चे नियम सांगतात. तरीही संशोधनाचा खर्च बहुतांशी दलालीच्या उत्पन्नातूनच निघत असल्याने दबाव पुरता नाहीसा होत नाही. शिवाय अहवालाच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये स्वतःचा व्यवहार करता येत नाही.

फंडातील विश्लेषकाला रोज नोट पाठवावी लागत नाही. त्याला विचार करायला उसंत मिळते, चार ब्रोकरेजचे अहवाल समोर ठेवून त्यांतील विसंगती शोधता येते आणि ‘या शेअरपासून लांब राहू’ असे म्हणण्याची मुभा असते. पण त्याने सुचवलेला शेअर घसरला की ते एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या प्रतियुनिट मूल्यात उमटते आणि फंड मॅनेजर कारण विचारतो. शेअर वधारला, तर श्रेय बहुधा मॅनेजरच्या खात्यावर जमा होते. जागाही मोजक्याच. वैयक्तिक गुंतवणुकीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि सेबीने २०२१ मध्ये आणून पुढे काहीसा सैल केलेल्या नियमामुळे जास्त पगाराच्या मंडळींना पगाराचा काही हिस्सा आपल्याच योजनांच्या युनिट्समध्ये घ्यावा लागतो.

सुरुवात ब्रोकरेजमधून करावी, असे माझे मत आहे. तेथे लिखाणाला शिस्त लागते आणि आपला अंदाज चुकला तर तो चारचौघांत चुकतो, ही नवख्यासाठी जमेचीच बाजू. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज १५ ही रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा तेथे अनिवार्य आहे. सीएफए ही गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय पात्रता दोन्हीकडे उपयोगी पडते. ज्याला फोनवर आपले मत पटवून देण्याचाच कंटाळा आहे, त्याने मात्र सरळ फंडाचा रस्ता धरावा, भले पहिली संधी मिळायला उशीर लागो.